चौदा चौकोन, पावणेतीन तास

प्रश्न: पत्र कोल्हापुरात अकरावी सायन्सला शिकणाऱ्या १६ वर्षांच्या मुलीचं आहे. ती उपनगरात राहते आणि केएमटीच्या शहर बसने कॉलेजला येते. गेले काही महिने ती आणि तिच्या तीन मैत्रिणी स्वतःला सुधारण्याच्या मागे लागल्या आहेत. व्हिडिओ बघायचे, नोंदी काढायच्या आणि शनिवारी संध्याकाळी रंकाळा तलावावर बसून कुणी काय नवीन शोधलं ते एकमेकींना सांगायचं, असा क्रम आहे. चौघींत ‘रिसर्च’ हिचाच जास्त, त्यामुळे बाकीच्या हिचं ऐकतात. हिच्या वहीत रोज भरायचे १४ चौकोन आहेत: पहाटे साडेचारला उठणं, गार पाण्याने अंघोळ, २० मिनिटं ध्यान, १५ मिनिटं डायरी, ४५ मिनिटं व्यायाम, ३० मिनिटं अवांतर वाचन, २० मिनिटं इंग्रजी शब्द, १५ मिनिटं उद्याचं नियोजन, १५ मिनिटं त्वचेची काळजी, तीन तास स्वतःचा अभ्यास, तीन लिटर पाणी, साखर बंद, रील्स बंद, दुपारची झोप बंद. यातलं काहीही चार-पाच दिवसांपलीकडे टिकत नाही. तासाला डोळे मिटतात, युनिट टेस्टला मार्क कमी पडले. चौघींतल्या एकीने आता वजन कमी करायला रात्रीचं जेवण सोडलं आहे. आई म्हणते, “ही थेरं बंद कर आणि पुस्तक उघड.” पत्राच्या शेवटी ती विचारते: “माझ्यात शिस्तच नाही का? ग्रुप सोडू, की अजून कडक नियम लावू?”

उत्तर: तू पत्रासोबत दिवसाचं वेळापत्रक घड्याळासकट लिहून पाठवलंस, हे फार बरं केलंस. शिस्तीचं नंतर बघू, आधी बेरीज करू.

सकाळी पावणेसातला घर सोडतेस, दीडला परत येतेस. हे पावणेसात तास झाले. दुपारी तीन चाळीसला क्लासला निघतेस, सात चाळीसला घरी येतेस, म्हणजे आणखी चार तास. जेवणं, अंघोळ, आवरणं आणि आईला थोडा हातभार यांना अडीच तास लागतातच. झोपेला आठ तास धरू. एकूण सव्वाएकवीस तास झाले. तुझ्या हातात उरतात पावणेतीन तास.

आता वहीतले चौकोन बघ. ध्यान, डायरी, व्यायाम, वाचन, शब्द, नियोजन आणि त्वचा मिळून दोन तास चाळीस मिनिटं. त्यावर तीन तास अभ्यास. म्हणजे पाच तास चाळीस मिनिटांचं काम तू पावणेतीन तासांत कोंबू बघतेस. उरलेले जवळजवळ तीन तास कुठून आणलेस, तेही तुझ्याच पत्रात आहे. बाराला झोपून साडेचारला उठतेस. ते झोपेतून कापलेस.

म्हणून “माझ्यात शिस्तच नाही का?” या प्रश्नातलं गृहीतकच मला पटत नाही. साडेचार तासांच्या झोपेवर सलग चार-पाच दिवस काढणारी मुलगी बेशिस्त नसते. ती पाचव्या दिवशी कोसळते कारण शरीर त्याची वसुली करतं. रविवारी अकरापर्यंत झोपतेस असं लिहिलंयस, आणि केएमटीत बसल्याबसल्या डोळा लागतो असंही. ही दोन्ही झोप थकल्याची अगदी ठरलेली लक्षणं आहेत. त्याला तू आळस असं नाव दिलंस आणि त्यावर आणखी कडक नियमांचा उपाय शोधलास.

झोपेचं थोडं सविस्तर सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची १३ ते १८ वयोगटासाठीची शिफारस ८ ते १० तासांची आहे. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेचा इशारा देणारं संप्रेरक, लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा स्रवायला लागतं. त्यामुळे रात्री नऊला झोप येत नाही आणि पहाटे डोळे उघडत नाहीत. हा स्वभावदोष नाही. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं काम झोपेतच चालतं. साडेचारला उठून तू जे पाठ करतेस, त्याच्या पक्केपणाची वेळ तू आधीच कापून टाकलेली असतेस. पहाटे उठण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिशी-चाळिशीतले आहेत. त्यांना संध्याकाळी साडेसातपर्यंत क्लास नसतो. साडेचारला उठायचं आणि आठ तास झोपायचं, तर तुला रात्री साडेआठला अंथरुणावर असायला हवं. तेव्हा तुझ्या घरी भाकऱ्या थापायला नुकती सुरुवात झालेली असते!

तेव्हा पहिला बदल हा. उठण्याची वेळ उद्यापासूनच सहा कर. झोपण्याची वेळ मात्र एकदम बाराची दहा करू नकोस. अंधारात तासभर टक्क जागी राहशील आणि वैतागून फोन हातात घेशील. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आण. बारावरून दहावर यायला आठ टप्पे, म्हणजे २४ दिवस लागतात. उठल्यावर १०-१५ मिनिटं गच्चीत किंवा अंगणात उजेडात उभी राहा, शरीराचं घड्याळ त्याने अलीकडे सरकतं. रविवारी सातच्या पुढे झोपू नको, नाहीतर आठवड्याची कमाई एका सकाळी जाते. चहा संध्याकाळी पाचनंतर नको. कॅफिन पाच-एक तासांनंतरही निम्मं अंगात असतं. दुपारची झोप बंद केली आहेस, ती परत चालू कर. दोन ते अडीचच्या दरम्यान २० मिनिटं, गजर लावून. तासभर झोपलीस तर उठल्यावर डोकं जड होईल आणि रात्रीची झोप लांबेल.

आणि फोनचा चार्जर स्वयंपाकघरात. गजरासाठी साधं घड्याळ घे. फोन उशाशी ठेवून ‘रील्स बंद’ असा चौकोन आखणं म्हणजे रोज रात्री स्वतःशी कुस्ती मांडणं. त्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत असला की कुस्तीच होत नाही.

आता एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगते. चक्कर, जिना चढताना लागणारी धाप आणि सतत गळून गेल्यासारखं वाटणं यांचा पत्रात दोनदा उल्लेख आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे चौघींच्या तुमच्या कट्ट्यावर दोघींना तो असणं अगदी शक्य आहे, आणि एकही व्हिडिओ तुम्हाला हे सांगणार नाही. आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे किंवा सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, जाऊन रक्ताची साधी तपासणी करून घे. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. लोहाची गोळी आणि तिचं प्रमाण डॉक्टर ठरवतील; दुकानातून आपल्या मनाने आणू नकोस. गोळ्या चालू झाल्या तर शौचाचा रंग काळपट होतो, घाबरायचं नाही. उपाशीपोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घे, पण दुधासोबत किंवा चहासोबत नको. गोळ्यांनी पुढचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टर साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, कारण शरीरातला लोहाचा साठा भरायचा असतो. बहुतेक मुली इथेच मध्ये सोडून देतात आणि सहा महिन्यांत परत तिथेच येतात.

ताटात हरभरा, नाचणी, राजगिरा, मेथी असावी आणि त्यावर लिंबू पिळलेलं असावं. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शरीराला नीट मिळतं. चहाने नेमकं उलटं होतं. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेव. घरी मटण होत असेल तर काळीज मागून घे. तुमच्या चर्चेत प्रोटीन पावडर निघाली होती म्हणतेस. तुमच्या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी, पेलाभर दूध, दोन वाट्या आमटी, मूठभर शेंगदाणे आणि दिवसभराच्या चार भाकऱ्या-चपात्या एवढ्यात ती भरतात. दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात डब्यातल्या पावडरीवर दोन-तीन हजार घालवायची काही गरज नाही. (कट्ट्यावरचं दूध न तापवलेलं असतं, हे मात्र लक्षात ठेव. घरी आणून उकळून प्यायलेलं बरं.)

आता तुझ्या ‘रिसर्च’कडे येते. तो मी हसण्यावारी नेणार नाही. सोळाव्या वर्षी स्वतःच्या सवयींकडे बाहेरून बघण्याची इच्छा होणं ही चांगली गोष्ट आहे, आणि तुझ्या आईला हेही कुणीतरी सांगायला हवं. फक्त तू शोधतेस ते आणि तू तपासतेस ते यांत फरक राहिला आहे. तुझ्या वहीतल्या काही ‘नियमां’चं मूळ पाहू.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे तू पहिल्याच पानावर लिहिलं आहेस. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये असं लिहिलं होतं की चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘किमान’ पुढे गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्या सवयी आल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे प्रत्यक्ष तपासलं. एक साधी सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. मधला आकडा ६६. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुझ्या जास्त उपयोगाची आहे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तू मात्र एक चौकोन रिकामा राहिला की पान फाडून पुन्हा ‘दिवस पहिला’ लिहितेस. पान फाडायचं थांबव. सलग दोन दिवस चुकू द्यायचं नाही, एवढाच नियम ठेव.

गार पाण्याच्या अंघोळीचा नेदरलँड्समध्ये मोठा प्रयोग झाला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. ३,०१८ प्रौढ माणसांपैकी जे अंघोळीच्या शेवटी थोडा वेळ गार पाणी घेत, त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. पण आजारी वाटण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. ३० सेकंद घेतलं काय नि ९० सेकंद घेतलं काय, फरक नव्हता. इच्छाशक्ती वाढते, मार्क वाढतात असं तिथे कुणी मोजलेलंही नव्हतं. आवडत असेल तर शेवटचे ३० सेकंद गार पाणी घे. आवडत नसेल तर सोडून दे, काही बिघडत नाही.

‘डोपामिन डिटॉक्स’ तू जसा समजलीस तसा नाही. डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन आहे, साठणारं विष नव्हे; एक दिवस उपास करून ते धुऊन निघत नाही. २०१९ मध्ये ही कल्पना गाजवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीही ती विशिष्ट सवयींपासून ठरावीक वेळ दूर राहण्यासाठी मांडली होती, डोपामिन कमी करण्यासाठी नाही. आणि ‘मी व्हिज्युअल लर्नर (बघून शिकणारी) आहे’ हे वाक्य तर वहीतून खोडूनच टाक. त्या-त्या ‘प्रकारा’नुसार शिकवल्याने जास्त शिकता येतं याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास चाळून लिहून ठेवलं आहे.

नवीन काही सापडलं की वहीत उतरवण्याआधी त्याला काही प्रश्न विचार. सांगणारा शेवटी काही विकतोय का. कोर्स, पावडर, ॲप? हे कुणावर तपासलं, तुझ्या वयाच्या मुलांवर की नोकरदार माणसांवर? त्यात मोजलं काय होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे दिवसात घालायचं तर काय बाहेर काढायचं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती गोष्ट कितीही चांगली असो, तिला जागा नाही. हा शोध रविवारी सकाळी अर्धा तास, बास. रोज रात्री साडेदहा ते बारा चाललेला ‘रिसर्च’ ही तुझी सगळ्यात महाग सवय आहे. ती अभ्यासासारखी दिसते, म्हणून सुटत नाही. नवी युक्ती सापडली की काहीतरी केल्याचं समाधान तिथल्या तिथे मिळतं आणि करायचं राहून जातं.

मग पावणेतीन तासांत बसवायचं काय? तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी चौदा डाव शिकवत नाहीत. आधी जोर, बैठका आणि माती उकरणं. एक अंगात मुरलं की दुसरं. तुझ्यासाठी क्रम असा ठेव: पहिला महिना फक्त झोप. अभ्यास सोडून बाकी सगळे चौकोन बंद. हो, ध्यानाचाही. नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या हे चालूच राहील.

दुसऱ्या महिन्यात अभ्यासाची रीत बदल, कारण तुझी खरी तक्रार मार्कांची आहे. रंगीत पेनांनी अधोरेखित करतेस आणि धडा तीनदा वाचतेस असं लिहिलंयस. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यांत अधोरेखित करणं आणि पुन्हापुन्हा वाचणं या कमी उपयोगाच्या ठरल्या. वर आल्या त्या दोन: स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग तर तुमच्या कट्ट्यावर सांगण्याजोगा आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. म्हणून पुन्हा वाचताना ‘येतंय की’ असं वाटतं आणि पेपरला हात थांबतो. तुझं नेमकं हेच झालं आहे.

करायचं असं. जीवशास्त्रातलं कॅल्विन चक्र वाचलंस, पुस्तक मीट. कोऱ्या कागदावर १० मिनिटांत आठवेल ते लिही. आकृती, पायऱ्या, कुठे किती कार्बन. मग पुस्तक उघडून चुकलेलं लाल पेनने दुरुस्त कर. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि २१ व्या दिवशी पुन्हा कोरा कागद. प्रत्येक वेळी पूर्वीच्या लाल खुणा आधी बघायच्या नाहीत, हे पाळायला सगळ्यात अवघड जातं. पहिले आठ-दहा दिवस फार हळू वाटेल, निम्मंही आठवणार नाही आणि ‘ही पद्धत मला जमत नाही’ असं वाटेल. तो त्रास होतो म्हणजेच ती काम करते आहे. फिजिक्सच्या सिद्धता आणि गणितासाठी ४०-४५ मिनिटांची बैठक धर. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पद्धत बसायचा कंटाळा येतो तेव्हा छान आहे, पण लांबलचक गणितात मध्येच घंटा वाजली की धागा तुटतो.

व्यायाम तिसऱ्या महिन्यात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, पण ती एका दमात करावी असं नाही. केएमटी एक थांबा आधी सोडून भरभर चालणं, सकाळी १२ सूर्यनमस्कार आणि रविवारी दोरीवरच्या उड्या इथून सुरुवात कर. सवयीला वेळेपेक्षा घटनेची जोड दे. ‘रोज सहा दहाला’ असं ठरवण्यापेक्षा ‘दात घासून झाले की सूर्यनमस्कार’ असं ठरव. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा ठरावांचा बराच अभ्यास केला आहे. २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा नुसत्या संकल्पापेक्षा याचा परिणाम ठळकपणे चांगला दिसला.

त्याच गोलविट्झर यांचं २००९ चं एक काम तुमच्या शनिवारच्या बैठकीला लागू पडतं. ‘मी अमुक होणार’ असा मनसुबा दुसऱ्यांनी ऐकला, त्याची दखल घेतली, की त्यासाठी प्रत्यक्ष केलेलं काम कमी भरतं असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. झाल्यासारखंच वाटतं ना. यावरून ग्रुप सोड असं मी म्हणणार नाही. चौघी जणी आठवड्यातून एकदा रंकाळ्यावर बसून स्वतःबद्दल खरं बोलतात, हे फार थोड्यांच्या नशिबी असतं. बैठकीची पद्धत बदला.

बसण्याऐवजी चालत बोला, तेवढाच व्यायाम. ‘काय नवीन सापडलं’ याला बंदी. प्रत्येकीने एकच प्रयोग घ्यायचा, १४ दिवसांचा. सुरू करण्याआधी चार दिवस काहीही न बदलता नुसतं मोजायचं: किती वाजता झोपले, फोन किती तास, कोऱ्या कागदावर किती बरोबर आलं. हे चार दिवस सगळे गाळतात, आणि मग फरक पडला की नाही हे कळायला मार्ग राहत नाही. शनिवारी प्रत्येकीला १० मिनिटं: काय केलं, काय झालं, कुठे अडलं. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. १५ व्या दिवशी ठरवायचं की हे ठेवायचं, बदलायचं की सोडायचं. सोडणं म्हणजे हरणं नाही, हे आधीच चौघींनी कबूल करून ठेवा. वजन, कंबर, चेहरा, रंग यांचे फोटो आणि आकडे ग्रुपवर नकोत. चौकोनांची तुलनाही नको. एकीच्या घरी तिची स्वतःची खोली आहे, दुसरी धाकट्या भावाला सांभाळत अभ्यास करते. त्यांच्या चौकोनांची बरोबरी कशी लावणार?

आता त्या मैत्रिणीबद्दल. वाढत्या वयातल्या मुलीने, तेही वजनासाठी, रात्रीचं जेवण सोडणं मला गंभीर वाटतं. व्हिडिओंतले १६ तास उपाशी राहण्याचे सल्ले तुमच्यासाठी नाहीत. तिला एकटीला गाठ, ग्रुपमध्ये नको. “किती बारीक झालीस” असं म्हणू नकोस. कौतुक म्हणून नको आणि काळजी म्हणूनही नको. “तू आजकाल गप्प असतेस, जेवण टाळतेस, मला काळजी वाटते” एवढंच म्हण आणि ऐक. तीन महिने पाळी न येणं, चक्कर येऊन पडणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, डबा लपवून टाकून देणं यातलं एक जरी असेल तर त्याच आठवड्यात तिच्या आईला किंवा विश्वासातल्या मॅडमना सांगायचं. ती रागावेल, बोलणं टाकेल. तरी सांग. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतात, तिथे समुपदेशक भेटतात. मनावर फार ताण असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. हाच क्रमांक तुझ्यासाठीही आहे, कारण ‘मी कशाच्याच कामाची नाही’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आलं आहे. चांगली झोप मिळूनही दोन आठवडे ते तसंच राहिलं, तर व्हिडिओ शोधत बसू नकोस, बोल कुणाशी तरी.

ही मैत्रीण उपाशी राहायला लागली ते तुझ्या सांगण्यावरून का, ही शंका तुझ्या पत्रात न लिहिताही दिसते. तो दोष स्वतःकडे ओढून घेऊ नकोस. पण बाकीच्या तुझं ऐकतात हे खरं आहे, तेव्हा येत्या शनिवारी एवढं नक्की सांग: “उपासाचं मी नीट तपासलं नव्हतं, ते आपण बंद करू.”

राहिली आई. तिला तुझी वही दाखवू नकोस, बेरीज दाखव: सव्वाएकवीस आणि पावणेतीन. मग तिच्याकडे दोनच गोष्टी माग. रात्रीचं जेवण नऊऐवजी सव्वाआठला, आणि दहानंतर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात, बाबांचाही. दुसरी मागणी पहिल्या दिवशी मान्य होणार नाही. बाबांना रात्री फोनवर बातम्या बघायच्या असतील. तोवर तुझा एकटीचा ठेव. जेवण लवकर हवं तर क्लासवरून आल्यावर भाज्या चिरून द्यायची तयारी दाखव, त्याला दहा मिनिटं लागतात आणि ती अडीच तासांत धरलेली आहेतच. रक्ततपासणीला तिलाही सोबत ने आणि तिचंही हिमोग्लोबिन बघून घ्या.